स्पूल टेप रेकॉर्डर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांचा रेव्हॉक्स ए७७ बरीच वर्षं कपाटात पडून होता. त्यांनी घरीच रेकॉर्ड केलेले स्पूलही आहेत. आतले जुने ट्रान्झिस्टर काढून ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या तयार चिप) घातले की आवाज खूप सुधारतो, असं कळलं. तसं करून घ्यावं का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : प्लग लावू नका, इथून सुरुवात करा. ए७७ बाजारात आला १९६७मध्ये. त्यातला सगळ्यात उशिराचा नगसुद्धा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. मागचं कव्हर काढून मेनच्या बाजूचे कपॅसिटर पाहा. पिवळट, अर्धपारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर असतील तर त्यांवर केसाएवढ्या भेगा दिसतील. भेगांतून ओल आत जाते आणि वीज मिळाल्यावर थोड्याच वेळात ते धूर सोडून फुटू शकतात. ते आधी काढा आणि त्याच मूल्याचे, एक्स-२ दर्जाचे (मेनवर वापरायला सुरक्षित) नवे लावा. मागचा व्होल्टेज सिलेक्टर योग्य आकड्यावर आहे ना, तेही बघा. मग रेकॉर्डर सिरीज बल्बवर (मेनच्या वाटेत जोडलेल्या साध्या बल्बमार्फत) चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जा, भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा. हे काम हाताखालचं नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

त्यानंतर सर्किट कार्डांवरचे छोटे ट्रिमर, म्हणजे फिरवून जुळवायचे रोध. आवाज खरखरतो, एक बाजू मध्येच गायब होते, ती बहुतेक वेळा यांच्यामुळे. ट्रिमर एकेक करून बदला. जुना काढण्याआधी त्याचा रोध मीटरवर मोजून लिहून ठेवा आणि नवा तेवढ्यावरच आणून बसवा. सगळे एकदम काढले तर कुठला कितीवर होता याचा पत्ता लागत नाही.

ऑप-अँपबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घालू नका. ए७७चं सर्किट सुट्या ट्रान्झिस्टरांचं आहे आणि ते नीट जुळवलेलं असेल तर घरी ऐकायला उत्तम आहे. ज्याला लोक ‘जुन्या मशिनचा मंद आवाज’ म्हणतात, तो माझ्या अनुभवात बहुधा हेडवरच्या (टेप वाचणाऱ्या भागावरच्या) मळाचा, हेडच्या झिजेचा किंवा अॅझिमथचा, म्हणजे हेडच्या कोनाचा, असतो. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने टेप जात असेल तर १० किलोहर्ट्झची एक लहर टेपवर फक्त १९ मायक्रॉन लांब असते. हेडमधली फट टेपच्या प्रवासाला काटकोनात नसेल, किंचितही कललेली असेल, तर एवढी बारीक लहर पुसट होऊन जाते. तिथे कुठलाही ऑप-अँप काय करणार?

अॅझिमथ जुळवायचं तर दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि हेडच्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. झांज, तंबोऱ्याची जवारी, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार सर्वांत लख्ख येतील तिथे थांबा. कॅलिब्रेशन टेप (जुळवणीसाठी ठरावीक सूर भरलेली टेप) असेल तर मोजूनच करा. फिरवण्याआधी स्क्रूच्या मूळ जागेची खूण मात्र करून ठेवा, कारण तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार मोलाची आहे. वडिलांनी याच रेकॉर्डरवर, हेड जसं होतं तसंच ठेवून रेकॉर्ड केलंय. हेड तेव्हा तिरकं असेल तर त्या टेपवरचा आवाजही तिरकाच उमटलेला आहे. कॅलिब्रेशन टेपला ‘बरोबर’ केलेल्या हेडवर नेमके तेच स्पूल मंद वाजतील. म्हणून घरचे स्पूल आधी, प्रत्येकासाठी वेगळा अॅझिमथ लावून, डिजिटल करून घ्या. कारखान्याच्या मापावर जायचं ते त्यानंतर.

बदल करायचाच असेल तर एक मला पटतो : प्लेबॅक हेडच्या तारा वेगळ्या सॉकेटवर आणून बाहेरचा टेप प्रीअँप (हेडचा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) जोडणं. तार शिल्डेड आणि शक्य तितकी आखूड हवी. प्रीअँपवर इक्वलायझेशन (तीव्र आणि मंद्र स्वरांचा तोल) निवडता यायला हवं. त्याची नॅब आणि आयईसी अशी दोन मानकं आहेत : १९ सेंटिमीटरला नॅबचा तीव्र स्वरांचा टाइम कॉन्स्टंट ५० मायक्रोसेकंदांचा आहे, आयईसीचा ७०चा. चुकीचा लावला तर तीव्र स्वर जास्त किंवा कमी येतात. हा बदल कधीही उलटवता येतो, म्हणूनच मला पटतो. पॅनेलला भोकं पाडू नका. आणि फक्त ऐकायचंच असेल तर रेकॉर्डिंगचा भाग तंत्रज्ञाकडून बंद करून घ्या. चुकून पुसलेला आवाज परत मिळत नाही.

प्रश्न : एक स्पूल वाजताना किंचाळतो आणि हेडवर तपकिरी चिकटा सोडतो. दुसऱ्याला आंबट वास येतो. दोन्ही ओव्हनमध्ये ठेवू का?

उत्तर : दोन्हींचा आजार वेगळा आहे. दोन्ही वाजवणं आत्ताच थांबवा, जलद गुंडाळूही नका.

किंचाळणाऱ्या टेपमध्ये चुंबकीय भुकटी धरून ठेवणाऱ्या पॉलियुरेथेनने हवेतली ओल शोषलेली असते. अँपेक्स ४५६ आणि ४०६ यांसाठी कुप्रसिद्ध आहेत. अशी टेप साधारण ५० ते ५५ अंश सेल्सियसला कित्येक तास सुकवली की काही आठवडे नीट वाजते. तेवढ्यात तिची प्रत करून घ्यायची. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं, तो वापरू नका. जिथे तापमान अचूक राखता येतं अशाच उपकरणात हे करावं.

आंबट वास असलेली टेप अॅसिटेटची आहे. स्पूल उजेडासमोर धरा, गुंडाळीतून उजेड आरपार दिसेल. ही कधीच तापवायची नाही. ती आक्रसते, ठिसूळ होते. इतर टेपांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि प्रत करायचं काम जुन्या टेपा हाताळणाऱ्याकडे लवकर सोपवा.

प्रश्न : ६० हर्ट्झच्या देशातून आणलेला रेकॉर्डर ट्रान्सफॉर्मर लावूनही संथ वाजतो. बेल्ट सैल झाला असेल का?

उत्तर : बेल्ट नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. मेनच्या फ्रिक्वेन्सीवर फिरणारी मोटर ५० हर्ट्झला पाच-षष्ठांश वेगाने चालते आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्याही खाली ऐकू येते. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली किंवा कॅप्स्टनवरची (टेप ओढणाऱ्या दांड्यावरची) बाही मिळवा. काही मॉडेलांत पुलीला दोन व्यास असतात, तिथे बेल्ट दुसऱ्या खाचेत सरकवला की काम होतं. मोटरचा कपॅसिटरही बदलावा लागतो का, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

प्रश्न : साफसफाई किती वेळा?

उत्तर : हेड आणि गाइड प्रत्येक बैठकीआधी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने. टेप कॅप्स्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला थिनर लावू नका. तेल लावायचं तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच, कॅप्स्टनच्या बेअरिंगला एखाद-दुसरा थेंब. ब्रेकच्या पट्ट्यांना आणि रबराला त्याचा स्पर्शही नको. हेड डीमॅग्नेटाइझ करताना, म्हणजे त्यात साचलेलं चुंबकत्व काढताना, रेकॉर्डर बंद आणि स्पूल दुसऱ्या खोलीत ठेवा. डीमॅग्नेटायझर हेडपासून हातभर दूर असतानाच चालू करा, सावकाश जवळ न्या, तसाच सावकाश मागे घ्या आणि दूर आल्यावरच बंद करा.