रेटकार्डावरून ते 'अँटी-एजिंग' काढ गो बाय

प्रिय बाय,

तुझं रेटकार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालं, काल रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून नीट वाचलं. फोंड्यात स्वतःचं पार्लर घालतेस, तेही चवथीच्या महिनाभर आधी, किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण त्यात शेवटी सोनेरी अक्षरात 'अँटी-एजिंग पॅकेज 45+' लिहिलंयस ना, ते छापायला द्यायच्या आधी काढ. म्हापशात मी सुरुवात केली तेव्हा माझ्या काचेवर पण असलंच काहीतरी चिकटवलेलं होतं, आणि पन्नाशीच्या बायका आत यायच्या, थ्रेडिंग करायच्या आणि जायच्या, दुसरं काही म्हणून विचारायच्या नाहीत. मला वाटायचं की त्यांना खर्च करायचा नसतो. खरं म्हणजे त्यांच्या वयावर बोट ठेवणारा बोर्ड मीच दारात लावून बसले होते.

तू फोनवर म्हणालीस की मोठ्या वयाच्या बायकांना नेमकं काय करायचं ते कळत नाही, भीती वाटते. तर पहिलं काम एवढंच कर, ती खुर्चीत बसली की विचार, "काकी, आरशात बघितल्यावर पहिलं काय खटकतं?" आणि मग गप्प बस. तिला बोलू दे. एकदा एक काकी आल्या, साठीच्या असतील, कपाळावर आडव्या रेघा, डोळ्यांखाली काळं, मी मनातल्या मनात फेशियलचा हिशेब करून मोकळी झालेले, आणि त्यांनी हळूच हनुवटीवर बोट ठेवलं. दोन राठ केस. चष्म्याशिवाय त्यांना ते दिसायचे नाहीत, फक्त बोटाला लागायचे, आणि घरात कुणी सांगायचं नाही. पाच मिनिटांचं काम. त्या उठताना माझा हात धरून राहिल्या, मला अजून आठवतं.

पाळी थांबायच्या आसपास हार्मोन बदलतात, त्याने हनुवटीवर, ओठांवर असे केस येतात आणि डोक्यावरचे मात्र विरळ होतात, भुवया पण. भुवईचं बाहेरचं टोक फारच झडलेलं दिसलं तर थायरॉइड तपासलाय का एवढं सहज विचार, बाकी डॉक्टरकी करू नको. आणि भुवई बारीक कोरू नको कधीच, या वयात गेलेला केस परत येईलच असं नसतं.

चष्म्याचं पण लक्षात ठेव. जवळचं दिसायचा जाड काचेचा चष्मा डोळे मोठे दाखवतो, म्हणजे काजळ जरा फिसकटलं तरी मोठं होऊन दिसतं. लांबचं दिसायचा चष्मा असेल तर डोळे उलट बारीक दिसतात. म्हणून डोळ्यांचा मेकअप झाला की चष्मा चढवायला लाव आणि मगच बघ. काळ्याऐवजी तपकिरी पेन्सिल, ती पण वरच्या पापणीला. खालच्या कडेला लावलेलं काजळ पाणावलेल्या डोळ्यांतून तासाभरात गालावर येतं.

आता त्वचा. पाळी थांबल्यावर पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं साधारण 30 टक्के कोलाजेन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं, तेलही कमी सुटतं, म्हणून तुझ्या वयाच्या मुलीला करतेस तसं हिला करून चालत नाही. फाउंडेशन थोडंच, आधी मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं थांबायचं, कॉम्पॅक्ट फक्त नाकाच्या बाजूला, कारण पावडर रेघांत जाऊन बसते आणि नसलेली रेघ पण दाखवते. गालाला क्रीमचा रंग लाव, बोटांनी. ओठांना आधी लायनर, नाहीतर लिपस्टिक बारीक रेघांतून वर चढते. वॅक्सिंगच्या आधी दोन प्रश्न विचारायचेच, चेहऱ्याला रेटिनॉलचं, म्हणजे सुरकुत्यांवरचं क्रीम लावता का आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. हो म्हणाली तर चेहऱ्याला वॅक्स नाही, कातडी सोलून निघते किंवा निळे डाग पडतात.

सनस्क्रीनचं मात्र सगळ्यांना सांगत रहा, कंटाळू नको. आपल्याकडच्या बायका स्कूटरवर तोंडाला ओढणी बांधतात आणि हात, मान तसेच उन्हात, म्हणून वयाचे डाग बघ, हाताच्या पाठीवर सगळ्यात आधी. एसपीएफ 30 चालेल, पण दोन बोटं भरून घ्यायचं आणि उन्हात असेल तर दर दोन तासांनी परत. पावसाळ्यात पण. ढगांतून किरण येतातच, काचेतून पण येतात.

आणि कुणी पर्समधून ट्यूब काढून दाखवली, शेजारणीने दिलीय, आठ दिवसांत गोरं होतं म्हणून, तर मागचं बारीक अक्षर वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. 2018 मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली तरी ती फिरतायत. त्याने आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव वाढते. तिला सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे पाठव, आपण हात लावायचा नाही.

आता डायचं सांगते, हे मला लिहायला जड जातंय. माझ्याकडे एक वहिनी सात-आठ वर्षं डाय करायला यायच्या. नेहमीच्या, म्हणून मी पॅच टेस्ट कधीच केली नाही. एका चवथीच्या आदल्या आठवड्यात गर्दी, केला डाय, पाठवलं घरी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन, डोळे सुजून मिटलेत, कानाच्या मागून पाणी येतंय. हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. त्या वर्षी त्यांनी गणपतीची आरती कॉटवरून फोनवर ऐकली. चूक माझी होती. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावर पण एकाएकी येऊ शकते. म्हणून कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबायचं, दर वेळी, कितीही जुनी गिऱ्हाईक असली तरी. ती म्हणेल वेळ नाही, तर म्हण मग डाय पण नाही. आणि 'काळी मेंदी' हे नाव ऐकून फसू नको, खरी मेंदी नारिंगी-लालच चढते. इंडिगोची पूड वेगळी लावून काळं करता येतं, पण एका पाकिटात तासाभरात काळंभोर होत असेल तर त्यात बहुतेक तेच रसायन असतं.

पांढरे ठेवायचे म्हणणारी आली तर तिला मनापासून साथ दे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंत पांढरे यायला दोन वर्षं लागतात, आणि मधल्या काळात ती दोन रंगांची दिसते, नातेवाईक बोलतात, तिथेच बायका हार मानतात. म्हणून आधी केस आखूड कापून दे, दर दीड महिन्याने टोकं काप. पांढऱ्या केसांवर फिकट बेज साड्या चेहरा उतरवतात, गडद निळा, जांभळा, आपल्या कुणबी साडीचा लाल खुलतो.

एक गोष्ट कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. भाच्याच्या लग्नाच्या दिवशी एक मावशी आल्या, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. फक्त केस बांधून दे म्हणाल्या. अंबाडा घातला, सैल, कारण घट्ट ओढला की पुढचे केस मुळापासून जातात. सोबत आलेल्या सुनेच्या हातात आबोलीची फाती, म्हणजे गजरा होता, तिचा स्वतःचा. मावशी आरशातून त्या फातीकडे बघत होत्या. मी काही न बोलता चार बोटं लांब फाती तोडून घेतली आणि त्यांच्या अंबाड्याजवळ धरली, लावली नाही. त्या कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माका सोबता गो हें?" सून म्हणाली, "सोबता मायें," आणि तिनेच माळली. तू पण असंच कर, धरून दाखव, ठरवू दे तिला. कुंकू लावू का हे कधी तोंडाने विचारू नको, टिकलीचं पाकीट समोर ठेव, ती उचलेल नाहीतर नाही उचलणार.

पेडिक्युअरला पाण्यात आधी तुझं कोपर घाल. डायबेटिस असलेल्या बाईला पायाला चटका कळत नाही, आणि टाचांना ब्लेड तर नकोच. भेगांना रात्री भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल चोळायला सांग, गोळा जरा गरम केला की विरघळतो, आपल्या आज्यांनी तेच केलं. केस धुताना मान बेसिनवर मागे टाकून फार वेळ ठेवू नको, 1993 मध्ये अमेरिकेत त्याने बायकांना पक्षाघात झाल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. मानेखाली टॉवेलची गुंडाळी घाल, चक्कर येते म्हणाली तर लगेच उठव.

खुर्च्या अजून घेतल्या नसशील तर हात असलेल्या घे, गुडघे दुखणाऱ्या बायकांना उठताना धरायला काहीतरी लागतं. आरशावरची पांढरी ट्यूब पण बदल, वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांखालचे खड्डे दुप्पट दिसतात, दोन्ही बाजूंनी पिवळसर दिवे लाव. मी येत्या शुक्रवारचा बाजार आटपून दुपारच्या बसने येते, पॅच टेस्टची वही कशी ठेवायची ते बसून दाखवते. कार्ड तोवर छापू नको.

तुझी,
म्हापशाची ताई