भावाचं कॅल्प्रोटेक्टिन १८० आलंय, म्हणजे क्रोन्सच का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २६ वर्षांचा आहे, तीन महिने पोटात मुरडा येऊन दिवसातून चार-पाचदा जावं लागतं, स्टूलच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन १८० आलं आणि घरात कुणीतरी मोबाइलवर वाचून क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सूज आणणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराचं, नाव घेतल्यापासून आईला झोप नाही. मी दादरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ही टेस्ट माझ्या हातून रोज जाते. डॉक्टर नसल्यामुळे निदान करणार नाही, पण हा आकडा येतो कुठून ते सांगते.

आतड्याच्या अस्तराला सूज आली की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. कॅल्प्रोटेक्टिन हे त्या पेशींमधलं प्रथिन. सुजलेल्या जागेतून ते आतड्यात उतरतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. आम्ही चिमूटभर नमुना घेतो, द्रावणात घुसळतो आणि दर ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम ते मोजतो. मोठ्या माणसात ५० च्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर गेलं की डॉक्टर सहसा दुर्बिणीचा, म्हणजे कोलोनोस्कोपीचा विचार करतात. १८० मधलं आहे, ना धड इकडचं ना तिकडचं.

आणि मुख्य गोष्ट ही, की सूज आहे एवढंच या आकड्यातून कळतं. कशामुळे आली, ते कळत नाही.

म्हणून आधी भावाला विचारा, टेस्टच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत पेनकिलर घेतली होती का? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, तसली कुठलीही. विरारहून रोज लोकलने येणारा एक मुलगा आठवतो. त्याचाही आकडा असाच अधांतरी होता. रिपोर्ट हातात घेऊन काउंटरपाशीच उभा राहिला, घाम पुसत म्हणाला, "ताई, हे वाईट आहे का?" बोलता बोलता कळलं, कंबर धरली म्हणून रोज गोळी चालू होती. डॉक्टरांनी गोळी बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करायला सांगितली, तेव्हा आकडा ५० च्या खाली आला. अॅसिडिटीच्या काही गोळ्यांनीही तो थोडा वाढू शकतो. पोटाचं इन्फेक्शन तर आहेच, पावसाळ्यात बाहेरचं पाणी पोटात गेलं की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र चालू असलेली औषधं आपल्या मनाने बंद करू नका.

आपल्याकडे अजून एक शक्यता कायम डोक्यात ठेवावी लागते, आतड्याचा टीबी. त्यातही कॅल्प्रोटेक्टिन वाढतं, आणि लक्षणं क्रोन्ससारखीच, इतकी की दुर्बिणीतून बघूनही कधी कधी फरक करणं अवघड जातं. मग तुकडा काढून बायॉप्सी आणि टीबीच्या तपासण्या कराव्या लागतात. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर टीबी पसरू शकतो. म्हणून कुणी नुसत्या या एका रिपोर्टवर क्रोन्सची औषधं सुरू करायला निघालं, तर दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञांचं मत जरूर घ्या.

उलट बाजूही सांगते. शौचातून रक्त पडणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन घटणं, अंगात ताप राहणं, यातलं एकही असेल तर पुन्हा टेस्ट करण्यात महिने घालवू नका, दुर्बीण करून घ्या. माझ्या मावशीने दोन वर्षं मूळव्याध म्हणून मलमं लावली. लाजेपोटी कुणाला दाखवलंच नाही. शेवटी मीच हट्टाने डबी तिच्या हातात दिली. आकडा हजाराच्या वर निघाला, आणि दुर्बिणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. आज औषधांवर ती बरी आहे, पण ती दोन वर्षं आठवली की मला अजून हळहळ वाटते.

पुन्हा टेस्ट करायची ठरली तर शक्यतो सकाळचा पहिला नमुना द्या. डबी लॅबमधूनच घ्या, घरची धुतलेली बाटली नको. लघवी किंवा कमोडचं पाणी त्यात मिसळू देऊ नका. शौच अगदी पाण्यासारखं असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, तेव्हा डबी देताना तसं सांगा. आणि दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये करा, कारण किट बदललं की आकडेही बदलतात, मग १८० चे १२० झाले ते सूज उतरल्यामुळे की किटमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.