टीडीएस ८०० आलाय, तरी लेट्यूस पिवळं का पडतंय?

प्रश्न : आम्ही वाघोलीला राहतो, सोसायटीला बोअरचं पाणी आहे. ओट्याशेजारी ग्रो लाइटखाली छोटं हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यात झाडं वाढवायचं) किट लावलंय, लेट्यूस आणि बेझिल. किटच्या कागदावर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ८०० ठेवा असं लिहिलं होतं म्हणून खताची ए आणि बी सोल्यूशन घालत बरोबर ८०० केला. तरी कोवळी पानं पिवळी पडतायत, फक्त शिरा हिरव्या. पीएच ७.८ होता, लिंबू पिळलं तर ६ वर आला, पण दोन दिवसांनी परत ७.५. मीटर खराब आहे का? आणि मनी प्लांटला १९:१९:१९ खत देते ते पण मोजायचं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मीटरला दोष देण्याआधी एक करा, सोल्यूशन न घालता नुसतं नळाचं पाणी मोजा. बोअरचं आहे म्हणजे ४००-५०० सहज निघेल. समजा ५०० निघाला, तर तुमच्या ८०० मध्ये खत फक्त ३०० चंच आहे, बाकी सगळे पाण्यातलेच क्षार. टीडीएस मीटरच्या पेनला खत आणि क्षार यातला फरक कळत नाही हो, तो फक्त पाण्यातून वीज किती जाते ते बघतो आणि त्याला एका आकड्याने गुणून पीपीएम, म्हणजे टीडीएसचा आकडा, दाखवतो. तो आकडापण सगळ्या पेनांत सारखा नसतो, ईसी (पाण्यातून वीज किती जाते त्याचं माप) १ असेल तर एक पेन ५०० दाखवेल, दुसरा ७००. म्हणून मी सगळ्यांना सांगते की ईसीच बघा. लेट्यूसला ०.८ ते १.२ पुरे होतो, बेझिल थोडं जास्त मागतं.

आता पिवळी पानं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक वेळा लोह मिळत नाहीये. पाण्यात लोह असतं, पण पीएच ७ च्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे अजून खत ओतून काही होणार नाही. लिंबाचं म्हणाल तर सायट्रिक ॲसिड पाण्यातले जीवाणू खाऊन टाकतात, आणि बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट पीएचला परत वर ढकलतं. तीन भाग आरओचं आणि एक भाग बोअरचं पाणी घ्या, आधी ए घालून नीट ढवळा, मग बी (दोन्ही कधीच थेट एकत्र ओतू नका, कॅल्शियमचा साका खाली बसतो), आणि पीएच अगदी शेवटी बघा कारण खत घातल्यावर तो आपोआप थोडा उतरतो. उरलेला फॉस्फोरिक ॲसिडवाल्या पीएच डाउनने थेंब थेंब घालत ५.८ ते ६.२ वर आणा, हातमोजे घालून. पिवळी झालेली पानं फारशी सुधारणार नाहीत, नवीन येणारी बघा.

पीएच पेन मात्र तपासाच. पेनबरोबर पीएच ६.८६ आणि ४.०१ च्या पुड्या येतात, त्या पुडीवर लिहिलेल्या मापाने डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि पेन आधी ६.८६ ला, मग ४.०१ ला लावा. टोकाला काचेचा जो छोटा फुगा असतो तो कधी कोरडा पडू द्यायचा नाही, आणि साध्या किंवा आरओच्या पाण्यातही बुडवून ठेवायचा नाही, टोपणात स्टोरेज सोल्यूशनचे दोन-चार थेंब ठेवा. बरेच पेन इथेच मरतात, फार वाईट वाटतं बघून.

मनी प्लांटचं १९:१९:१९ पेनने मोजू नका. त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाचा असतो आणि युरियातून वीज जात नाही, म्हणजे पेन कमी दाखवतो आणि आपण अजून घालत बसतो. वजन करून लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, बास. कुंडीत मातीवर पांढरा थर दिसला तर खत थांबवा आणि खालच्या भोकातून भरपूर निथळेपर्यंत आरओचं पाणी घाला, बशीत साचलेलं लगेच ओतून टाका.