पॅरालीगल होऊ पाहणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. नाशिकला बी.कॉम., तिथेच एका वकिलांच्या ऑफिसात दोन वर्षं काम, आणि आता इथे कॅलिफोर्नियात पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचं काम करणारी सहायक, व्हायचं आहे. सहा महिन्यांत ऑनलाइन सर्टिफिकेट देणारी एक संस्था सापडली आहे, फी भरू का, असं तू विचारलंस. फी भरायची थांब. पैसे गेल्यावर रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून इतक्या घाईने लिहायला बसले.

इथे पॅरालीगलला सरकारी परवाना लागत नाही, स्टेट बारकडे, म्हणजे राज्यातल्या वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नावनोंदणीही नसते. त्यामुळे कुणीही उठून हे काम करू शकतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड या इथल्या राज्याच्या कायद्याचं कलम 6450 हे 2001 पासून लागू आहे आणि स्वतःला पॅरालीगल म्हणवून घ्यायला काय शिक्षण लागतं ते त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एक तर अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एबीएने, मंजूर केलेला अभ्यासक्रम पुरा कर. किंवा अ‍ॅक्रेडिटेड कॉलेजातला असा अभ्यासक्रम कर, ज्यात कायद्याच्या विषयांची किमान 24 सेमिस्टर युनिट्स (युनिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप, त्यालाच क्रेडिटही म्हणतात) आहेत. तिसरा रस्ता पदवीधरांसाठी: कुठल्याही विषयातली पदवी, वकिलाच्या हाताखाली कायद्याच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव, आणि ही व्यक्ती हे काम करायला लायक आहे असं त्या वकिलाचं लेखी निवेदन.

हा तिसरा रस्ता वाचून तुला हायसं वाटेल. पण तो वकील कॅलिफोर्नियाच्या बारचा किमान तीन वर्षं सक्रिय सदस्य असावा लागतो, नाहीतर इथल्या फेडरल कोर्टांत तीन वर्षं प्रॅक्टिस केलेला. नाशिकची तुझी दोन वर्षं तुझ्या कामाला जरूर येतील, फाईल कशी लावायची हे तुला कुणी शिकवायला नको; पण या कलमाच्या हिशेबात ती धरली जाणार नाहीत. आणि अनुभव नसलेल्या माणसाला ते पहिलं वर्ष देणारं ऑफिस मिळणं हीच मोठी अडचण असते. म्हणून मी तुला कॉलेजच्या रस्त्यानेच जायला सांगेन.

आता एक शब्द नीट समजून घे, कारण आपली मुलं नेमकी इथेच फसतात. मराठीत आपण 'मान्यताप्राप्त' म्हटलं की विषय संपतो. इथे तो संपत नाही. अ‍ॅक्रेडिटेशन मिळतं अख्ख्या कॉलेजला, आणि ते देणाऱ्या संस्था वेगळ्या. एबीए देते ते त्या एका पॅरालीगल अभ्यासक्रमाला अप्रूव्हल. 1975 पासून एबीए हे काम करते आहे. कॉलेज अ‍ॅक्रेडिटेड असून त्याच्या पॅरालीगल अभ्यासक्रमाला एबीएचं अप्रूव्हल नाही, असं सर्रास असतं, आणि 24 युनिट्स असतील तर कायद्याला तेही चालतं. पण नोकरीच्या जाहिरातींत 'एबीए अप्रूव्ह्ड' हे शब्द तुला वारंवार दिसतील. तुझ्या त्या ऑनलाइन संस्थेच्या पानावर यातलं नेमकं काय लिहिलं आहे ते बघ, आणि एबीएच्या वेबसाइटवरच्या यादीत तिचं नाव आहे का तेही स्वतः शोध. 'एबीए आमच्या विद्यार्थ्यांना सर्टिफाय करते' असं कुणी म्हणालं तर तिथून निघ. एबीए कुठल्याही पॅरालीगलला सर्टिफाय करत नाही. कॉलेजातून मिळतं ते सर्टिफिकेट. 'सर्टिफाइड पॅरालीगल' म्हणवून घ्यायला 'नाला' (NALA) या पॅरालीगलांच्या संघटनेसारख्या व्यावसायिक संघटनेची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ती ऐच्छिक आहे.

एबीएच्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम किमान 60 सेमिस्टर क्रेडिटचा लागतो. त्यातले किमान 18 जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सर्वसाधारण विषयांचे, आणि किमान 18 कायद्याच्या विषयांचे. कायद्यातले किमान 9 शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी हजर असतील अशा तासांतून व्हावे लागतात. नुसते व्हिडिओ बघून चालत नाही. तुझ्या बी.कॉम.मधले काही विषय कॉलेज जनरल एज्युकेशनमध्ये धरू शकेल, पण त्यासाठी पदवीचं इथल्या एजन्सीकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. खर्चाचं म्हणशील तर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, कॅलिफोर्नियाच्या रहिवासी विद्यार्थ्याला युनिटमागे 46 डॉलर पडतात, म्हणजे 24 युनिट्सचे 1,104. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. रहिवासी न ठरल्यास आकडा कितीतरी वाढतो, तेव्हा हे अ‍ॅडमिशन ऑफिसात आधी विचार.

अभ्यासाचं थोडं सांगते. तू कायद्याच्या मोठमोठ्या तत्त्वांना घाबरली आहेस असं दिसतं. मला विचारशील तर खरी परीक्षा तारखा मोजण्यात असते. घर रिकामं करण्याच्या दाव्यात भाडेकरूला उत्तर द्यायला 1 जानेवारी 2025 पासून 10 कोर्ट-दिवस, म्हणजे कोर्ट उघडं असतं ते दिवस, मिळतात. आधी 5 मिळायचे. समज, समन्स मंगळवारी 4 फेब्रुवारी 2025 ला हातात दिलं. तो दिवस धरायचा नाही. 5 तारखेला एक, 6 ला दोन, 7 ला तीन. शनिवार-रविवार सोड. 10 ला चार, 11 ला पाच. 12 फेब्रुवारीला बँक उघडी, पोस्ट चालू, पण कोर्ट बंद, कारण लिंकन जयंती. मग 13 ला सहा, 14 ला सात. 17 ला पुन्हा सुट्टी, प्रेसिडेंट्स डे. 18, 19, 20. शेवटचा दिवस गुरुवार, 20 फेब्रुवारी. लिंकन जयंती विसरणारा 19 म्हणतो, साधे दिवस मोजणारा 14 म्हणतो. घरमालकाच्या बाजूने काम करताना अशी चूक झाली, तर मुदत संपायच्या आधीच डिफॉल्ट, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून एकतर्फी निकाल, मागितल्यासारखं होतं. मी आजही बोटांवर मोजते, मग कॅलेंडरवर, मग सॉफ्टवेअरमध्ये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. कॉलेजच्या माहितीपत्रकात 'एथिक्स' नावाचा एक विषय दिसेल. तो सोपा म्हणून शेवटच्या सेमिस्टरला ढकलू नकोस, पहिल्यांदा घे.

मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका काकूंचा रात्री फोन आला. घर रिकामं करण्याचं समन्स आलं होतं, मुलगा गावाला, इंग्रजी कागद बघून त्यांचा आवाज कापत होता. उत्तराचा छापील फॉर्म त्यांच्या समोर होता. त्या एकेक ओळ वाचत गेल्या आणि मी सांगत गेले, "हा चौकोन नको, त्याच्या खालचा टिक करा." अर्ध्या तासात फॉर्म भरला. त्यांनी मला भरभरून आशीर्वाद दिले आणि मी समाधानाने झोपले.

सकाळी वकीलसाहेबांना हे अभिमानाने सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं, कोड काढला आणि 6450 चं पोटकलम (बी) मला मोठ्याने वाचायला लावलं. पॅरालीगलने कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. आपल्यावर देखरेख करणारा वकील सोडून दुसऱ्या कुणासाठी कायद्याचा कागद निवडायचा नाही, समजावायचा नाही, लिहायचा नाही, सुचवायचा नाही. वाचताना माझा घसा कोरडा पडला, कारण यातलं बहुतेक सगळं मी त्या अर्ध्या तासात केलं होतं. पहिल्या वेळी 2,500 डॉलरपर्यंत दंड होतो, पुढच्या वेळी तुरुंगही होऊ शकतो. पण साहेब दंडाबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरदुरुस्तीबद्दल त्यांची काही तक्रार होती का?" मी विचारलंच नव्हतं. त्यांचा सगळा बचाव त्या तक्रारीत असू शकला असता, आणि मी तो चौकोन सोडायला लावला होता. त्यांनी काकूंना तातडीने वकिलाशी जोडून दिलं.

तुलाही असे फोन येतील, आणि आपल्या लोकांकडूनच येतील. नाशिकला आई शेजारणीला सांगेल, "पोरगी तिकडे वकील झाली." तू तिला दर वेळी दुरुस्त कर. फोन आला तर ऐकून घे, वकील नसलेल्यांना मदत करणाऱ्या कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरचा पत्ता दे, मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते ते सांग, हवं तर सोबत जाऊन रांगेत उभी राहा. फॉर्मवर बोट ठेवू नकोस.

गुप्ततेचंही असंच. अशिलाची गोष्ट जपण्याचं जे बंधन वकिलावर आहे तेच 6453 ने पॅरालीगलवर घातलं आहे. किराणा दुकानात मराठीत बोललं की कुणाला कळत नाही हा भ्रम आपली माणसं भरलेल्या सनीव्हेल शहरात तरी ठेवू नकोस.

व्हिसावर इंटर्नशिप चालेल का, हा तुझा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर मी देणार नाही. का, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, आणि कॉलेजात नाव घालण्याआधी विचार.

पुणे विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आजच मागव, त्याला वेळ लागतो. शनिवारी घरी ये. दोन कॉलेजांची माहितीपत्रकं मी काढून ठेवली आहेत, आणि या वर्षीचं कोर्टाच्या सुट्ट्यांचं कॅलेंडरही.

तुझी,
मावशी