तुमचे प्रश्न : लॉनमधले डँडेलियन, गोठलेलं ग्रीन बिन आणि मुलीचा मोर्चा

प्रश्न : नमस्कार ताई, मागच्या वर्षी ब्रॅम्प्टनला घर घेतलं. मे महिन्यात अख्खं लॉन डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणाने भरलं, शेजारी काही बोलत नाहीत पण त्यांच्या तोंडावर दिसतं. दुकानात तणनाशक मागितलं तर म्हणाले तसलं इथे विकत नाहीत. एक मित्र म्हणतो सीमेपलीकडे अमेरिकेत बफेलोहून गाडीत टाकून आण. आणू का?
– एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर : अजिबात आणू नका. लॉन नुसतं छान दिसावं म्हणून केमिकल फवारायला कॅनडात आपल्या ऑन्टारिओ प्रांतात २२ एप्रिल २००९ पासून बंदी आहे. शेतीला आणि गोल्फ कोर्सला सूट आहे, आपल्या अंगणाला नाही. आणि ही बंदी आली कुठून ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. क्वेबेक प्रांतात मॉन्ट्रियलजवळ हडसन म्हणून छोटंसं गाव आहे, तिथे जून अर्विन नावाच्या त्वचारोगाच्या डॉक्टर होत्या. पेशंटच्या तक्रारी बघून त्यांना या फवाऱ्यांचा संशय आला आणि १९८५ पासून त्या गावच्या मीटिंगला जाऊन तोच एक विषय काढायला लागल्या, परत परत, लोक कंटाळले तरी. १९९१ मध्ये गावाने बंदीचा नियम केला. फवारणी करणाऱ्या दोन कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, केस पार सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली, आणि २००१ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला. मग बाकीच्या गावांनाही धीर आला, क्वेबेकने नियम केले, नंतर ऑन्टारिओने. म्हणजे तुमच्या दुकानातल्या त्या रिकाम्या फळीमागे एका बाईची इतक्या वर्षांची चिकाटी आहे, ती बफेलोच्या एका बाटलीने घालवू नका हो.

आता लॉनचं. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी जमीन मऊ असते तेव्हाच काढायला बसा. लांब दांड्याचं, टोकाला दोन दाते असलेलं हत्यार मिळतं, ते रोपाच्या अगदी शेजारी सरळ खाली घालायचं आणि हळू उचकटायचं. मुळी गाजरासारखी खोल जाते, मध्येच कट् आवाज आला आणि पांढरा चीक दिसला की समजा तुटली, उरलेल्या तुकड्यातून परत फुटणार. सगळी एका दिवसात निघत नाहीत, मी रोज चहा झाल्यावर दहा-बारा काढते आणि फुलाचा कापूस व्हायच्या आत काढते. गवत फार बारीक कापू नका, सात-आठ सेंटीमीटर ठेवलं की सावलीने तण कमी उगवतं. ऑगस्टच्या शेवटी मोकळ्या जागी गवताचं बी टाका. अगदीच हाताबाहेर गेलं तर लोहावर आधारलेलं फवारायचं औषध मिळतं, ते इथे चालतं. आणि हो, फवारा न मारलेल्या लॉनची, फूल यायच्या आधीची कोवळी पानं खाता येतात! मेथीहून कडू लागतात पण पीठ पेरून केली की आमच्याकडे संपतात.

प्रश्न : हिवाळ्यात ग्रीन बिनमधला, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यातला, कचरा तळाला गोठून बसतो, ट्रक येऊन गेला तरी अर्धा आतच. काय करू?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन जाड थर घाला, आणि चहाचा चोथा, भाजीची देठं असलं ओलं सगळं कागदात गुंडाळूनच टाका. बिन रात्रभर बाहेर ठेवण्यापेक्षा सकाळी ठेवा. गोठतं म्हणून साध्या कचऱ्यात मात्र टाकू नका, कारण टोरांटोत ग्रीन बिनमधला माल हवाबंद टाक्यांत कुजवतात, त्यातून गॅस मिळतो आणि उरलेल्याचं खत होतं.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे, क्लायमेटच्या मोर्चाला जायचं म्हणते. आम्ही अजून पीआरवर (कायम राहायच्या परवान्यावर) आहोत, सिटिझन नाही, म्हणून भीती वाटते. पाठवू का?
– एक आई, मिसिसागा

उत्तर : पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही जा. शांतपणे जमायचा हक्क इथल्या चार्टरमध्ये, म्हणजे राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेत, सगळ्यांना आहे, फक्त सिटिझन्सना नाही. २७ सप्टेंबर २०१९ ला मॉन्ट्रियलमध्ये आयोजकांच्या अंदाजाने पाच लाख लोक रस्त्यावर होते, त्यात शाळेची मुलं होती, बाबागाड्या होत्या. पण तुमची भीतीही खोटी नाही, कारण मोर्चा वेगळा आणि रस्ता अडवणं वेगळं. १९९३ मध्ये व्हँकुव्हर आयलंडवर क्लेयोक्वॉट साउंडची जुनी झाडं वाचवायला लोक लाकडाच्या ट्रकांसमोर उभे राहिले, कोर्टाचा मनाई हुकूम असताना, आणि आठशेहून जास्त लोकांना अटक झाली. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे, तिथली बरीच झाडं त्यांच्यामुळे उभी आहेत. पण पीआरवर असताना अटक होईल अशा ठिकाणी जायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायलाच हवं, हे मुलीला सरळ सांगा, तिला समजेल.

बाकी, ती मैत्रिणींबरोबर जाणार असेल तर मोर्चा संपल्यावर भेटायची जागा आधी ठरवा, गर्दीत फोन लागत नाही. आणि घरी आली की तिला डॉ. अर्विनची गोष्ट सांगा. आपल्या सिटी कौन्सिलच्या मीटिंगमध्येही आधी नाव नोंदवून काही मिनिटं बोलता येतं. तिला काय मागायचंय ते दोघी मिळून कागदावर लिहून काढा, मला पाठवलंत तर मी वाचून देईन.