डाएटिशियन व्हायचंय, 3 महिन्यांचा कोर्स पुरेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी लातूर जिल्ह्यातली, यंदा होम सायन्समधून बीएस्सी झाले, फूड अँड न्यूट्रिशन विषय होता. मला डाएटिशियन व्हायचंय पण घरचे म्हणतात दवाखान्यात पेशंटचे डबे मोजायला एवढं शिकायचं कशाला. माझ्या मैत्रिणीने 3 महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला, तिला इन्स्टावर क्लायंटपण मिळतात, ती म्हणते आरडी वगैरे काही लागत नाही. एमएस्सी डिस्टन्सने केली तर चालेल का? आणि आरडी म्हणजे नक्की काय?

उत्तर: पत्र दोनदा वाचलं गं तुझं. आधी सरळ सांगते, कर, आणि अर्धवट नको, पूर्ण कर.

आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. इंडियन डायेटेटिक असोसिएशन ही 1963 पासूनची संस्था आहे, त्यांची परीक्षा पास झालीस की हे नाव लावता येतं. पण नुसता फॉर्म भरून परीक्षेला बसता येत नाही, आधी न्यूट्रिशन नाहीतर डायेटेटिक्समधली एमएस्सी किंवा पीजी डिप्लोमा लागतो आणि त्यावर हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. कोणत्या डिग्रीला किती महिने ते त्यांच्या माहितीपत्रकात बघ आणि अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी बघ, नंतर नाही, कारण कोर्सच्या नावात थोडा फरक पडला म्हणून अडकलेल्या मुली मी पाहिल्यात.

डिस्टन्सचं म्हणशील तर तो रस्ता आता बंद झालाय. पूर्वी इग्नूची डायेटेटिक्समधली एमएस्सी खूपजणी नोकरी सांभाळून करायच्या, पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने, 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायेटेटिक्स डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केलीय. 2021 चा जो अलाइड हेल्थकेअर, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांचा, कायदा आहे त्यात डाएटिशियन येतात, राज्याच्या परिषदेकडे नोंदणीची तरतूद त्यात आहे, त्यामुळे पुढे कागद विचारले जाणारच. कोणी फोन करून डिस्टन्स एमएस्सीची सीट देतो म्हणाला तर पैसे भरू नकोस.

आता डब्यांचं. हे घरच्यांनाच वाचून दाखव. माझ्या इंटर्नशिपमध्ये एक डायलिसिसचे काका होते, गावाकडचे, शेती करणारे. दर वेळी रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं. डाएट शीट बरोबर, किचनमधून येणारं जेवण बरोबर, बटाटासुद्धा पोटॅशियम कमी व्हावं म्हणून चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलेला, आणि काका म्हणायचे मी बाहेरचं काही खात नाही, ते खोटं बोलत नव्हते. आमच्या सीनियर मॅडम मला म्हणाल्या, उद्या भेटायच्या वेळेला जाऊन नुसती बस. मी बसले. 5 वाजता मेव्हणे आले, हातात 2 शहाळी, आणि कॉटखाली आधीची 3 रिकामी शहाळी ठेवलेली. पेशंटला ताकद यावी म्हणून ते रोज एवढ्या लांबून आणत होते, आणि काकांच्या लेखी ते पाणीच, खाणं नाहीच. शहाळ्याच्या 100 मिली पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, निकामी झालेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जाऊ शकतो. हे मेव्हण्यांना कसं सांगायचं? तुम्हीच विष देताय असं म्हणून चालत नाही ना. मॅडम त्यांच्याशेजारी स्टुलावर बसल्या, आधी शेतीचं विचारलं, मग म्हणाल्या दादा आणायचंच तर त्यांना चालणारं एखादं छोटं सफरचंद आणा, कापून तुमच्या हातानेच भरवा. पुढच्या आठवड्यात पोटॅशियम खाली आलं. हे काम डबे मोजणाऱ्याचं आहे का तूच सांग.

3 महिन्यांच्या कोर्समध्ये पोटॅशियम शिकवतही असतील, पण कॉटखाली बघायला वॉर्डातच जावं लागतं. तुझ्या मैत्रिणीबद्दल मला राग नाही, धडधाकट माणसाला भाकरी-भाजी, डाळ, ताक नीट खा हे सांगायला हरकत नाहीच. पण उद्या तिच्याकडे किडनीचा, लिव्हरचा, इन्सुलिनवरचा माणूस आला आणि तिने सगळ्यांना देते तोच चार्ट पाठवला तर, याचीच मला काळजी वाटते.

कॉलेज म्हणशील तर मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन, नागपूरला एलएडी, आणि तुला जवळचं परभणी, तिथल्या कृषी विद्यापीठात होम सायन्सचं जुनं कॉलेज आहे, आता त्याला कम्युनिटी सायन्स म्हणतात. प्रत्येक ठिकाणी एकच विचार, इथली डिग्री आरडीच्या परीक्षेला चालते का आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात लावता. इंटर्नशिपला मोठं हॉस्पिटल धर, जिथे आयसीयू, डायलिसिस, कॅन्सर, लहान मुलं सगळं बघायला मिळेल, नाकातल्या नळीतून द्यायचं फीड स्वतः कॅलरी-प्रोटीन मोजून बनवायला मिळेल. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरी आधीच सांगून ठेव, नंतर त्यावरून वाद नकोत.

तोपर्यंत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे फूड कम्पोझिशन टेबल्स, म्हणजे कुठल्या पदार्थात कुठला घटक किती त्याचे तक्ते, मिळव आणि रोज घरातल्या एका ताटाचा हिशेब कर. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण, जे असेल ते. भाकरी आधी वजनकाट्यावर ठेव, तुमच्याकडची भाकरी पुस्तकातल्या भाकरीएवढी नसते.

प्रश्न: मी आरडी आहे, लग्नानंतर अमेरिकेला जातेय. तिथे हेच रजिस्ट्रेशन चालेल का?

उत्तर: नाही चालत. तिथली परीक्षा वेगळी, आणि 1 जानेवारी 2024 पासून त्या परीक्षेला बसायला मास्टर्स डिग्री लागते, शिवाय त्यांच्या मान्यतेची सुपरवाइज्ड प्रॅक्टिस, म्हणजे देखरेखीखाली केलेलं काम. इथली डिग्री त्यांच्या एजन्सीकडून तपासून घ्यावी लागते, म्हणून सगळ्या मार्कशीट, सिलॅबस आणि इंटर्नशिपचं पत्र विद्यापीठाच्या सही-शिक्क्यासकट निघायच्या आधीच घेऊन ठेव, तिकडून मागवायला फार वेळ जातो.