मूरचा नियम संपला म्हणतात, मग चिपची प्रगती आता थांबणार का?

मूरचा नियम म्हणजे चिपवरचे ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारे बारीक स्विच) दर दोनेक वर्षांनी दुप्पट होतात, हा अंदाज. तुमची शंका अशी, की ट्रान्झिस्टर दोन नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आलाय आणि सिलिकॉनचा अणूच ०.२ नॅनोमीटरचा, मग बारीक करायला उरलं काय? भाऊ, तो आकडा आता मापाचा राहिलेला नाही, मालाचं नाव झालाय. '३ नॅनोमीटर' म्हणून विकतात त्या चिपवरही एका गेटपासून (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) दुसऱ्या गेटचं अंतर ४५-५० नॅनोमीटर असतं.

आधी नडली ती उष्णता. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही उतरायचं, म्हणून चिपमध्ये कितीही गर्दी झाली तरी ती फार तापत नव्हती. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरवणं जमेना, बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळायला लागला. इंटेलचा पेंटियम ४ प्रोसेसर तेव्हाच ३.८ गिगाहर्ट्झवर होता; वीस वर्षांनी डेस्कटॉपची धाव ६ च्या आसपास. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की महागडा फोनही गेममध्ये अडखळतो, कारण चिप स्वतःच वेग उतरवते. गिऱ्हाईक म्हणतं, व्हायरस घुसला.

आडवी वाढ अवघड झाली, म्हणून उभी सुरू झाली. आम्ही मोबाइल दुरुस्तीवाले 'डबल डेकर' सीपीयू रोज बघतो: हॉट एअर मारून वरची रॅम अलगद उचलली की खाली प्रोसेसर, कडेने सोल्डरच्या बारीक गोळ्यांच्या रांगा. एक गोळी सरकली की फोन मेला. एआयच्या चिपशेजारी आता मेमरीचे आठ-बारा थर एकावर एक असतात, त्यांची जोडणी याहून कितीतरी बारीक. मोठा प्रोसेसरही चिपलेट, म्हणजे लहान लहान चिपा, जोडून बनतो. गेटने चॅनेलला, म्हणजे करंटच्या वाटेला, चहूबाजूंनी वेढणारा ट्रान्झिस्टर सॅमसंगने २०२२ मध्येच आणला. म्हणजे थांबलेलं काही नाही.

माझ्या मते गाडी अडेल ती पैशावर. पुढे इंटेल काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलं ते मुळात स्वस्ताईचंच गणित होतं: सर्वांत कमी खर्चात एका चिपवर किती भाग बसतात. आता नवी पिढी आली म्हणून ट्रान्झिस्टर स्वस्त होतोच असं नाही. चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ३ नॅनोमीटरच्या एका प्रकारात तर कॅश मेमरीचा (प्रोसेसरमधल्या झटपट मेमरीचा) सेल ५ नॅनोमीटरच्या पिढीतल्याएवढाच राहिला.

रावेरच्या केळीच्या बागेत मोटार चालू-बंद करणाऱ्या मोबाइल स्टार्टरला याचं काही देणंघेणं नाही. त्याला जुन्या पद्धतीची, स्वस्त, दणकट चिप लागते. गुजरातमध्ये धोलेऱ्याला टाटांचा चिपचा कारखाना होतोय, तोही २८ ते ११० नॅनोमीटरचाच, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. तुम्ही नुसत्या नव्या चिपसाठी फोन घ्यायचा थांबला असाल, तर थांबू नका.